नळीतला दम

१

रोज सकाळी लिंगपूजा आटोपली की घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायच्या, ही माझी सवय. कागलला उघडल्या, कोल्हापुरात भाड्याच्या घरात उघडल्या, आणि माझ्या मुलानं, राजशेखरनं, गडमुडशिंगीच्या रस्त्याला बंगला बांधला तेव्हा तिथंही उघडू लागले. मग एके दिवशी त्यानं खिडक्यांच्या फटींना काळं रबर चिकटवलं आणि मला म्हणाला, "अव्वा, आता ह्या उघडायच्या न्हाईत."

"घर हाय का बिस्किटाचा डबा?" मी विचारलं.

"पोरीसाठी करतोय की."

पोरीसाठी म्हटल्यावर मी खिडकीची कडी लावून टाकली. माझी नात रक्षिता तेव्हा शाळेत जायला लागली होती आणि तिला दमा होता. ऊस तुटून गेला की शेतातलं पाचट पेटवतात, त्याची काजळी आमच्या अंगणात पडायची. पलीकडं वीटभट्टी. वारं फिरलं की लोखंड ओतणाऱ्या फौंड्रीची काळी भुकटी. पोरीची छाती शीळ घालायला लागायची. शीं… शीं… तिला उशीला टेकवून बसवायचं, पाठ चोळायची आणि ती शीळ ऐकत राहायचं. माझी सून सौंदर्या शीळ ऐकून रडायची. मी तिला सांगायची, "वाजतीया तवर बरं हाय बाई. वाजायची थांबली तर रड."

राजशेखरचा उद्यमनगरात पत्र्याचा कारखाना. फौंड्रीतली धूळ ओढून बाहेर फेकणारे डक्ट करून बसवणं हा त्याचा धंदा. "परक्याच्या गड्यास्नी मी चांगली हवा देतोय, आन् माझी पोरगी घरात गुदमरतीया," असं म्हणून त्यानं आमच्या घरातच डक्ट बसवला. गच्चीवर ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारा मोठा पंखा. हॉलच्या भिंतीतून फिल्टर लावून ताजी हवा आत. आणि झोपायच्या खोल्यांतली शिळी हवा ओढून वर न्यायला एक चौकोनी पत्र्याची नळी. ती माझ्या खोलीत सुरू व्हायची, भिंतीतून पलीकडं रक्षिताच्या खोलीत जायची आणि तिथून वर गच्चीवर. दोन्ही खोल्यांत तिला एकेक जाळी.

आता माणूस अशी जाळी छताजवळ बसवील. यानं बसवली पलंगाच्या उशाशी.

"फौंड्रीत असंच करत्यात," तो म्हणाला. "जिथनं धूळ उठती तिथंच नळीचं तोंड लावायचं. लांब लावून काय उपेग?"

"आरं, हितं धूळ उठत न्हाय. हितं पोरगी निजती."

"त्येच की अव्वा. तिला तरास हाय, म्हणून तिच्याजवळ."

मग फौंड्रीच्या रिवाजाप्रमाणं त्यानं दोन्ही जाळ्यांना एकेक लाल फीत बांधली. ओढ नीट असली की फीत जाळीला चिकटून राहते, ढिली पडली की समजायचं काहीतरी बिघडलंय.

मी वाट बघत होते, हे सगळं कधी फसतंय याची. फसलं नाही. त्या हिवाळ्यात शीळ वाजली नाही. पुढच्याही नाही. मी हरले, आणि ते कबूल केलं. तोंडानं नाही, पण केलं.

२

तरी माझा त्या नळीवर विश्वास नव्हता. अंथरूण काढायला मी रक्षिताच्या खोलीत गेले की फितीकडं एक नजर टाकायचीच. चिकटलेली असायची.

एका सकाळी ती चिकटलेली नव्हती. म्हणजे होती, आणि मग नव्हती. जाळीला चिकटली, सुटली, खाली लोंबली, पुन्हा उचलली गेली, चिकटली. मी चादर हातात धरून बघत राहिले. ढिली पडली असती तर मला आनंद झाला असता, राजशेखरला ऐकवायला काहीतरी मिळालं असतं. पण ही ढिली पडली नव्हती. ही येत-जात होती.

मी माझ्या खोलीत गेले. तिथली फीत जाळीला घट्ट. परत आले. इथली येत-जात. नळी एकच, ब्लोअर एकच. मग एकीकडं सारखी ओढ आणि दुसरीकडं अशी उचकी का?

पलंगावर रक्षिता अजून झोपलेली होती, रविवार होता. मी तिच्याकडं पाहिलं, फितीकडं पाहिलं, आणि चादरीची घडी अर्धीच टाकून स्वयंपाकघरात गेले.

"व्होल्टेज कमी-जास्त हुतंय," राजशेखर चहा पिता पिता म्हणाला.

"मग माझ्या खोलीत न्हाई हुईत व्हय कमी-जास्त?"

"वर वाऱ्याचा झोत आला की दाब उलटा लागतो."

"तुला डिप्लोमा दिला त्या मास्तराला बोलव. त्येला विचारते."

सौंदर्या हसली. तिला मी आणि तिचा नवरा भांडलेलं आवडतं. "आत्ती, तुम्ही त्या फितीला नजर लावलीसा," ती म्हणाली.

मीही हसले. वारा असेल असं मलाही वाटलं. पण दुपारी वारा पडला होता, परसातलं पान हलत नव्हतं, आणि मी कपडे घडी करायच्या निमित्तानं पुन्हा त्या खोलीत जाऊन उभी राहिले. फीत आत. फीत बाहेर. घाई नाही, धाप नाही. झोपेतल्या माणसासारखी.

३

मग सौंदर्याच्या भावाचं लग्न निघालं. तीही आमच्यासारखी कागलचीच. रक्षिताला घेऊन ती माहेरी गेली. मी मागं राहिले, राजशेखर दिवसभर कारखान्यात. घर इतकं बंद की बाहेर रस्त्यावरून ट्रक गेला तरी पाण्याखालून गेल्यासारखा वाटायचा.

रिकाम्या खोलीत मला काय काम? काही नाही. तरी जात होते. तांदूळ निवडायला घ्यायची, दोन चिमटी निवडून झाली की उठायची.

फीत चाललेली होती.

आणि आता तिच्याबरोबर आवाज येत होता. आधी वाटलं पत्रा कुरकुरतोय. उन्हानं पत्रा तापतो, वाजतो, त्यात काय? मी कान जाळीजवळ नेला. शीं… शीं… आत जाताना बारीक, बाहेर येताना लांब, आणि शेवटी ती छोटीशी अडखळ, जी माझ्या पोरीच्या छातीत व्हायची. कितीतरी वेळा तिला मांडीवर घेऊन मी ती अडखळ ऐकली होती. दुसऱ्या कुणाची शीळ मी तिची समजणार नाही.

मी तडक कागलला फोन लावला.

"पोरगी कशी हाय?"

"झकास हाय," सौंदर्या ओरडून म्हणाली. मागं लग्नघराचा गोंगाट. "धुळीत लोळतीया. चुलीपाशी बसतीया. कायसुदिक हुईत न्हाई."

"खोकला?"

"न्हाई की. धापसुदिक न्हाई." मग तिचा आवाज खाली आला. "आत्ती, येक इचारू?"

"इचार."

"झोपली की लई निपचित पडती. मला भ्या वाटतंय बघायला."

"निपचित म्हंजे?"

"काय न्हाई वो. माझंच येडं मन," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मी रिसीव्हर हातात धरून उभी होते. मागं, बंद दाराआड, पोरीची शीळ वाजत होती.

४

संध्याकाळी राजशेखर आला तेव्हा त्याला चप्पलसुद्धा काढू दिली नाही. "चल. ऐक."

त्यानं ऐकलं. त्यानंही ही शीळ ऐकत वर्षं काढली होती. तो सरळ गच्चीवर गेला आणि ब्लोअर बंद केला. घरातली घरघर थांबली. माझ्या खोलीतली फीत पडली. पोरीच्या खोलीतली पडली नाही.

"बाहेरच्या हवेनं," तो म्हणाला.

"बरं."

"नळी उंच हाय, गरम हवा वर चढती आपोआप."

"वर चढती. मग खाली कोण आणतंय तिला?"

त्यानं स्क्रू काढून जाळी उतरवली. खाली गुडघ्यावर बसला आणि हात आत घातला, पार कोपरापर्यंत. असल्या नळीत बोटभर धूळ साठायला पाहिजे, हे तोच सगळ्यांना सांगत असतो. त्याचा हात बाहेर आला तो स्वच्छ. ओला. त्यानं हाताकडं पाहिलं, मग तो पॅंटला पुसला. एकदा पुसला, परत पुसला, आणि मग मोरीत जाऊन साबणानं धुतला.

"पाणी सुटलंय पत्र्याला," तो आतून म्हणाला. "थंडीचं सुटतंय."

थंडी सरली होती. उन्हाळा लागला होता. तो जाळी लावायला परत आला तेव्हा मी नळीच्या तोंडापाशी तळवा धरला होता. आतली हवा कोमट होती, आणि तिला सकाळी उठल्यावर लेकराच्या तोंडाला येतो तसा वास होता. घाण नाही. ओळखीचा.

"उद्या बघतो," राजशेखर म्हणाला. त्याला उद्या काही बघायचं नव्हतं. त्याला तिथून उठायचं होतं.

५

लग्नाहून दोघी परत आल्या. रक्षिता काळवंडून, गुडघे फोडून, पण टुणटुणीत. आल्या आल्या तिनं मला नवरीच्या चुलत्याची नक्कल करून दाखवली. मी हसता हसता तिच्या छातीकडं बघत होते. फ्रॉकला झालर होती, छाती हलते का ते नीट कळेना.

दुपारी ती झोपली. मी वाती वळायला कापूस घेऊन तिच्याजवळ बसले. कापसाचा एक धागा सुटा केला, हवेत तरंगेल असा, आणि तिच्या नाकासमोर धरला.

धागा हलला नाही.

मी माझा हात स्थिर केला. पुन्हा धरला. तिच्या गालाला हात लावला, गाल गरम होता. मनगट दाबलं, नाडी टुकटुक चालली होती. पोरगी जिवंत होती, झोपेत हसत होती, आणि तिच्या नाकापुढं कापूस पडद्यासारखा सरळ लोंबत होता. उशाशी लाल फीत आत गेली. बाहेर आली.

माझी नजर अधू झालीय, मी स्वतःला सांगितलं. कापूस ओलसर असेल. लहान मुलं हलका श्वास घेतात. मी सगळी कारणं सांगून पाहिली आणि एकही मला पटलं नाही.

संध्याकाळी ती अंगणात शेजारच्या पोरींबरोबर लंगडी खेळत होती. तिच्या खोलीच्या काचेतून मला ती दिसत होती, तोंड उघडून ओरडताना, आवाज मात्र आत येत नव्हता. मी पलंगावर बसले. डाव्या हाताचा तळवा जाळीवर ठेवला आणि दाबला.

आतून तळवा ओढला गेला. मी तो सोडला नाही.

अंगणात रक्षिता एका पायावर थांबली. पडली नाही, छाती धरली नाही. उघडं तोंड तसंच राहिलं. मग तिनं मान वळवली आणि सरळ खिडकीकडं, माझ्याकडं पाहिलं, कुणीतरी हाक मारल्यावर बघावं तसं. तिचे ओठ जांभळाच्या रंगाला आले.

मी हात काढला. ती पुन्हा लंगडी घालायला लागली.

खरं-खोटं करायचं तर एकदा करून भागत नाही, पुन्हा करून बघावं लागतं, हे मला कळतं. पुन्हा करायची माझी छाती झाली नाही.

६

दुसऱ्या दिवशी राजशेखर सकाळीच कारखान्यातून पत्रा कापायची करवत घेऊन आला. "अव्वा, तूच जितलीस. काढून टाकतो हे."

मी दारात आडवी झाले. "हात लावू नगंस."

"आं? बसवल्यापास्नं काढ काढ म्हणत हुतीस की!"

"तवा म्हणत हुते. आता न्हाई म्हणत. जा कारखान्याला."

"तुझ्या मनात काय हाय ते एकदा सांग तरी!"

"सांगून तुला कळलं असतं तर तू ती पोरीच्या उशाशी बसवली नसतीस. जा."

तो करवत आपटून गेला. सौंदर्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एरवी तिनं काहीतरी टोमणा मारला असता. आज तिचा पदर तोंडावर होता.

"आत्ती," ती म्हणाली, "तुम्ही पण बघितलंय नव्हं?"

"बघितलंय."

"मी रोज बघते. कुणाला सांगू? येडी म्हणत्याल." ती खाली बसली. "नळी कापली तर काय हुईल वो माझ्या पोरीचं?"

मी तिला उठवलं. रडायला वेळ नव्हता. जे नळीत गेलंय ते नळीतनंच परत यायला पाहिजे, एवढं मला सुचलं. आणि नळीत फुंकायचं मला कुणी शिकवायला नको. माझा जन्म फुंकणीनं चूल पेटवण्यात गेला. सौंदर्याला गॅसच ठाऊक, म्हणून तिला मी लग्नानंतर हसत हसत शिकवलं होतं: तोंड लावून जोरात फुंकायचं, आणि श्वास घ्यायला तोंड बाजूला करायचं. नळीतून उलटा ओढायचा नाही.

ती रक्षिताला घेऊन तिच्या जाळीपाशी बसली. मी माझ्या खोलीत माझ्या जाळीपाशी. मधे भिंत.

"तोंड लावलंय का तिचं?"

"लावलंय!"

"मी फुकते. तिला म्हणावं, वढ!"

पत्रा ओठांना कोमट लागला. मी फुंकलं. आधी नुसतं पोकळ वाटलं, मग आतून काहीतरी अडलं. नको असलेला घास मूल जिभेनं बाहेर ढकलतं ना, तसं मऊपणे माझा श्वास कुणीतरी मागं ढकलत होतं. मला राग आला. माझ्या पोरीचं घेऊन बसलंय आणि वर मला ढकलतंय! मी दोन्ही हातांनी भिंत धरली आणि फुंकत राहिले.

"वढ गं बाई माझी, वढ!" पलीकडून सौंदर्या.

मी तोंड बाजूला केलं नाही. ते करायची गरज पडली नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

मग अडलेलं सुटलं. भिंतीपलीकडं रक्षिता खोकली. खोकत राहिली, आणि खोकल्याच्या खालून ती शीळ उठली, अडखळीसकट. नळीतून नव्हे. पोरीच्या छातीतून.

"आत्ती! वाजतीया! शीळ वाजतीया हो!" सौंदर्या हसत होती का रडत होती कळेना. पोरीचा दमा परत आला म्हणून हसणाऱ्या आम्ही दोघी.

मी जाळीतून आत पाहिलं. बघायला नको होतं. उजेड वळणापर्यंत जात होता, आणि वळणापाशी पत्रा नव्हता. जे होतं ते ओलं होतं, आणि मी बघतेय असं कळल्यावर ते मिटलं.

७

सौंदर्या पोरीला घेऊन डॉक्टरकडं गेली. पंप आला, औषधं आली. रक्षिताला धाप लागते, ती चिडते, खेळायला मिळत नाही म्हणून माझ्याशी भांडते. आता ती झोपली की मी कापूस धरते. धागा लांब जातो, जवळ येतो. तिच्या उशाशी फीत मेल्यासारखी पडलेली असते. तिचं अंथरूण मी हॉलमध्ये आणलं आणि खिडक्यांचं रबर विळ्यानं कापून काढलं. राजशेखर बघत होता.

माझ्या खोलीतली फीत मात्र आता चालते. ब्लोअर बंद आहे. फीत आत जाते, बाहेर येते. शीळ नाही, अडखळ नाही, कारण माझी छाती आयुष्यात कधी वाजली नाही.

एकदा मी तो धागा माझ्या नाकापुढं धरून पाहिला. आरशासमोर बसून, भरपूर उजेडात. मग कापूस गुंडाळून ठेवला. माझी नजर अधूच आहे, आणि म्हातारपणी श्वास हलका होतो. असेलही. नसलंच तर नसू दे.

राजशेखरला मी म्हटलं, "आता काप."

"नक्की? परत आडवी हुशील."

"न्हाई हुणार. उद्या सकाळीच काप. गच्चीवरनं सुरुवात कर, आन् मुळापास्नं काढ. येक तुकडा ठेवू नगंस."

सौंदर्या माझ्याकडं बघत होती. ती हुशार आहे. तिच्या ओठावर काहीतरी आलं होतं. मी तिच्याकडं असं पाहिलं की तिनं ते गिळलं. त्याला सांगितलं तर तो करवत टाकून देईल आणि माझ्यासाठी नळी तशीच ठेवील. पण नळी एक आहे. तिचं एक तोंड माझ्या उशाशी आहे आणि दुसरं पोरीच्या खोलीत, आणि तिला पोरीची चव माहीत आहे.

आज दुपारी मी गच्चीवर गेले. राजशेखरनं कापायच्या जागी खडूनं रेघ मारून ठेवली होती. वाकडी. घाईत सगळं वाकडं करतो. मी पदरानं ती पुसली आणि पुन्हा सरळ काढली. पत्रा उन्हात तापला होता, तरी हाताला उन्हासारखा लागला नाही.

जिन्यातून शीळ वर आली. रक्षिता. वर येऊ नको म्हणून सांगितलं तरी आली, कठड्याला धरून, धापा टाकत, लालबुंद होऊन.

"अज्जी," ती म्हणाली, "येवढा जिना चढलीस… तुला… दम लागत न्हाई व्हय?"

"बोलू नगंस," मी म्हटलं. "बस हितं सावलीला. आधी दम घे."

ती बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ वर येत होती, खाली जात होती, आणि ती पुन्हा वर येईपर्यंत मी दर वेळी थांबत होते.